काटकसर कोणाच्या पानातली?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या मेळाव्यात आपण काटकसर या विषयावर चार शब्द सांगावेत, आणि शक्य तो हसतखेळत सांगावेत, असे पत्र चिटणीसांनी मला पाठविले. पत्र एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेले होते. त्यावरून विषयाची निवड योग्य हातांनी झाली आहे याविषयी माझी खात्री पटली. वक्त्याची निवडही अगदीच अस्थानी झाली असे म्हणता येणार नाही. जुन्या अकरावीच्या शेवटच्या तुकड्यांतून बाहेर पडलेला मी एक मॅट्रिकवाला. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला. प्राथमिक शिक्षकाला काटकसर निराळी शिकवावी लागत नाही. नेमणुकीच्या हुकुमाबरोबर ती आपोआप घरी येते.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. काटकसरी मनुष्य वेगळा आणि कवडीचुंबक वेगळा. फ्रेंच नाटककार मोलियेर याने १६६८ साली एका कृपणावर नाटक रंगभूमीवर आणले, आणि आचार्य अत्रे यांनी त्याच नाटकावरून आपले ‘कवडीचुंबक’ रचले. अडीच-तीनशे वर्षे आणि दोन भाषा ओलांडूनही त्या कृपणाला लोक हसतच राहिले. कारण पैसा कशासाठी वाचवावयाचा हेच तो विसरून गेलेला असतो. काटकसरी मनुष्य मात्र काहीतरी मनात धरून वाचवितो. मुलाची फी, म्हातारपणचे औषध, पावसाळ्यापूर्वी कौले परतणे. त्याच्या युक्त्या हसण्यासारख्या असतील, परंतु त्यांचा हेतू हसण्यासारखा नसतो.

आता या युक्त्याच पाहू. आमच्या लहानपणी शिंप्याकडे नेल्यावर वडील एकच आज्ञा करीत, “वाढत्या अंगाचे शिवा.” शिंपीही मोठा आज्ञाधारक. नवा सदरा घातला म्हणजे तो गुडघ्याशी लोंबे, आणि बाह्यांतून हात शोधून काढावे लागत. दोन वर्षांनी तो अंगाला नेमका बसे आणि त्याच सुमारास कोपरावर फाटे. म्हणजे वर्षानुवर्षांच्या त्या शिलाईत आमचे कपडे आमच्या मापाचे असे फक्त पंधरा दिवस होते. त्यानंतर तो सदरा धाकट्या भावाकडे जाई, व त्याच्यासाठी पुन्हा वाढत्या अंगाचा होई. माझ्या सर्वांत धाकट्या भावाने कोरा करकरीत सदरा प्रथम पाहिला तो स्वतःच्या लग्नात.

आईचे नऊवारी लुगडे ही तर एक संस्थाच होती. मधोमध विरले की ते कापून दंड घालावयाचा, म्हणजे आणखी दोन वर्षांची निश्चिंती. दंडही विरला की त्यातून मुलींची परकर-पोलकी. त्यातून उरेल त्याची तान्ह्या बाळाची दुपटी. दुपटी मऊ झाली की ती वाकळेच्या पोटात जात, आणि वाकळही फाटली म्हणजे शेवटी चुलीजवळचे पोतेरे. लुगड्याला मोक्ष मिळावयास पंधरा-वीस वर्षे लागत. एका वाकळेत आजी, आई आणि आत्या अशा तिघींची लुगडी एकावर एक निजलेली असत, आणि त्यांच्यावर आम्ही.

शाळेतील सामग्रीचे तेच. पेन्सिल बोटांत धरवेना इतकी झिजली की जुन्या पेनाच्या टोपणात खोचून आणखी पंधरा दिवस चालवावयाची. वर्ष संपले की जुन्या वह्यांतील कोरी पाने सोडवून, दाभणाने शिवून नवी वही करावयाची. त्या वहीच्या प्रत्येक पानाला रेघा निराळ्या. पाठ्यपुस्तके निम्म्या किमतीत वरच्या वर्गातील मुलाकडून घ्यावयाची व पुढल्या वर्षी पाव किमतीत खालच्या वर्गात विकावयाची. त्यात पहिल्या मालकाने समासात लिहिलेली उत्तरे फुकट मिळत, मात्र ती बरोबर असतीलच याची हमी नसे.

काडेपेटीतील काडी ही तर चैनीची वस्तू. सकाळी शेजारच्या घरी शेणीचा तुकडा घेऊन जावे आणि त्यावर विस्तव आणावा, अशी पद्धत. यात एकच अडचण होती. गल्लीतील पहिली चूल कोणी पेटवावयाची? थंडीच्या दिवसांत कित्येकदा अर्धी गल्ली दुसऱ्याच्या धुराड्याकडे डोळे लावून बसलेली मी पाहिली आहे. वर्तमानपत्राचेही तसेच. वाड्यात एकच अंक येई आणि सहा बिऱ्हाडे वाची. शेवटच्या बिऱ्हाडाला सकाळची बातमी दिवेलागणीला कळे, परंतु त्यामुळे त्यांचे काही अडल्याचे ऐकिवात नाही. भांडण होई ते रद्दीच्या पैशांवरून.

निरोपाच्या काटकसरीत आपल्या लोकांनी जी बुद्धिमत्ता खर्च केली, तिला तोड नाही. एस. टी. डी. दूरध्वनीचे दर रात्री अकरानंतर चौथाईवर येत, तेव्हा आपली मंडळी डोळ्यांत तेल घालून त्या बूथपुढे रांग लावीत आणि झोपेतून उठविलेल्या नातलगाला ‘झोपला होता काय?’ असे विचारण्यात पहिले मिनिट घालवीत. पुढे भ्रमणध्वनी आला, आणि मिस्ड कॉलची सांकेतिक भाषा जन्मली. एक घंटी म्हणजे सुखरूप पोहोचलो, दोन घंट्या म्हणजे स्थानकावर न्यावयास या. आमच्या नात्यातील एक आजोबा मात्र इतके सौजन्यशील की, पहिल्याच घंटीला फोन उचलीत आणि “बोला, कोण आपण?” असे अदबीने विचारीत. त्यांच्या सौजन्यापायी त्या कुटुंबाचे किती रुपये गेले याची मोजदाद नाही.

हे सारे ऐकून तरुण मंडळी हसत आहेत, ते ठीकच. परंतु एक चमत्कार त्यांच्या नजरेस आणून द्यावासा वाटतो. आमच्या घरची वाकळ आज शहरातील प्रदर्शनात हस्तकला म्हणून मांडलेली असते आणि तिची किंमत विचारल्यावर घाम फुटतो. साखर परवडत नसे म्हणून या गुळाच्या पेठेत राहणारे आम्ही गुळाचा चहा पीत होतो. आज तोच चहा पाटी लावून जास्त दराने विकला जातो. भाकरी ही गरिबाची, चपाती ही पाहुण्यांची, असा आमच्याकडे दंडक होता. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून जाहीर केले, आणि भाकरी एकदम पंगतीच्या मानाच्या जागी जाऊन बसली. सर्वांवर कडी आपल्या कोल्हापुरी चपलेने केली. जून २०२५ मध्ये प्राडा नावाच्या इटालियन कंपनीने मिलान शहरातील फॅशनच्या प्रदर्शनात कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या. प्रथम तिने कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. इकडे ओरड झाल्यावर घेतले. त्या चपलांची किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या. माझ्या आजोबांनी एकच जोड तळ बदलून, अंगठा बदलून, पट्टा बदलून बारा वर्षे वापरला. त्या जोडात मूळचे काय उरले होते हा तर्कशास्त्राचा प्रश्न आहे, पण आजोबा ती चपल जुनीच मानीत.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण काटकसरीचे खरे विद्यापीठ तेथेच आहे. पुरणासाठी डाळ शिजविली, तिचे पाणी टाकून द्यावयाचे नाही म्हणून कटाची आमटी झाली, आणि ती पुरणपोळीपेक्षाही पुरुषांना प्रिय झाली. ज्या घरी मांसाहार चालतो तेथे तर कोल्हापूरच्या सुगरणींनी चमत्कारच केला आहे. मटण एकदाच शिजवावयाचे. त्याच्या उकडीच्या पाण्याचा एक पांढरा रस्सा, एक तांबडा रस्सा, आणि फोडींचे सुके. एका किलोत पंधरा माणसे तृप्त होऊन उठतात, आणि परगावचा पाहुणा म्हणतो, काय हा थाट! थाट कसला, हा शुद्ध हिशेब आहे. तो तांबड्या रंगाखाली झाकला आहे इतकेच.

देशानेच काटकसर करावी असाही एक काळ आला होता. १९६५ साली अन्नधान्याची टंचाई आणि युद्ध अशी दुहेरी आपत्ती असताना पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. उपाहारगृहेही सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. मी तेव्हा शाळेत नुकताच जाऊ लागलो होतो. बहुसंख्य लोकांनी ते आवाहन श्रद्धेने पाळले, हे आधी सांगितले पाहिजे. परंतु काही घरांत एकादशी आणि दुप्पट खाशी असा प्रकार झाला. भात-भाकरी वर्ज्य म्हणून साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचे काप आणि वर केळे. सोमवारचा खर्च रविवारच्या वर जाऊ लागला, तेव्हा घरातील कर्त्यांनी उपवास आटोपशीर करण्याविषयी स्वयंपाकघराला समज दिली.

येथे मला थोडे थांबावयाचे आहे. समज दिली ती कोणाला? आणि त्यानंतर कोणाच्या पानातून काय कमी झाले?

माझ्या बालपणीच्या घरात पंगत तीन वेळा बसे. प्रथम पुरुष, मग मुले, मग बायका. तांबड्या रश्शातील फोडी पहिल्या पंगतीत संपत, रस्सा दुसऱ्या पंगतीत पुरे, आणि तिसऱ्या पंगतीला त्या पातेल्यात घातलेले गरम पाणी असे. त्यालाही रस्साच म्हणत. १९७२ च्या दुष्काळात शिधावाटपाच्या दुकानात परदेशची लाल मिलो मिळे. तिची भाकरी कोणी आवडीने खाईना, तेव्हा घरातली थोडीशी देशी ज्वारी पुरुषांना आणि मिलो बायकांना अशी वाटणी कोणी न सांगता होऊन गेली. आम्ही कुटुंब म्हणून काटकसरी होतो असे अभिमानाने सांगतो. जमाखर्च नीट मांडला तर त्यातील निम्मी काटकसर एकट्या आईच्या नावावर निघेल. मात्र खतावणीत तिचे खाते कोणी उघडलेले नव्हते.

तिचे एक गुप्त खाते होते, ते डाळीच्या डब्यात. भाजीच्या पैशांतून उरलेला रुपया, भावाने ओवाळणीत घातलेली नोट, शिवणाचे दहा-वीस. या खात्यांचे लेखापरीक्षण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री एकाएकी झाले. पाचशे आणि हजारांच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर होताच आपल्या पेठांतील किती घरांत डाळीचे, तांदळाचे, रव्याचे डबे पालथे झाले असतील! किती नवऱ्यांना त्या रात्री प्रथमच कळले की आपली पत्नी आपल्यापेक्षा श्रीमंत आहे! त्यावर पुष्कळ विनोद झाले. मीही त्यांना हसलो. परंतु त्या नोटा बँकेत भरण्यासाठी त्या बायकांना त्या नवऱ्याच्या हाती द्याव्या लागल्या, कारण पुष्कळजणींच्या नावावर खातेच नव्हते. वीस वर्षांची शिल्लक एका रात्रीत ‘घरातले पैसे’ झाली. त्यांतून कोठे दुचाकी आली, कोठे दूरदर्शन संच आला. ज्या हातांनी ते साठविले त्यांना मात्र कोणी विचारले नाही.

तेव्हा भगिनींनो, डाळीचा डबा डाळीसाठी ठेवा. पोस्टात किंवा बँकेत आपल्या स्वतःच्या नावाचे खाते उघडा आणि पासबुक स्वतःजवळ ठेवा. भिशी हीही आपल्याकडची जुनी सोय आहे. तालमीत, गल्लीत, कचेरीत, बायकांच्या मंडळात, जेथे चार माणसे जमतात तेथे भिशी सुरू होते. वीस जणींनी दरमहा हजार रुपये काढावेत आणि चिठ्ठी निघेल तिने वीस हजार न्यावेत, यात व्याज नाही आणि फसवणूकही नाही, जोपर्यंत पहिली चिठ्ठी निघालेली बाई गाव सोडून जात नाही तोपर्यंत. लिलावाच्या भिशीपासून मात्र दूर राहावे. जो अडलेला असतो तो हजारो रुपये सोडून रक्कम उचलतो आणि बाकीचे त्याच्या अडचणीवर नफा वाटून घेतात. त्यापेक्षा बचतगट बरा. १९९२ पासून नाबार्डच्या योजनेने बचतगट बँकांशी जोडले जाऊ लागले. गटाचे खाते असते, नोंदवही असते, आणि कर्जही मिळते. नोंदवही हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. शाळेतील संचयिकेत मुले दहा पैसे, चार आणे आणून भरीत, तेव्हा प्रत्येकाचे पुस्तक निराळे असे. मुलीचे पैसे भावाच्या पुस्तकात चढवा असे सांगणारे पालक मला भेटले. तसे मी कधी केले नाही. (ती चार आण्यांची नाणीही ३० जून २०११ पासून चलनातून गेली. माझ्याकडे एक डबाभर आहेत. त्याला काटकसर म्हणावे की आळस, हे ठरलेले नाही.)

एकट्याने काटकसर करण्याला मर्यादा असते. चार घरांनी ती एकत्र केली तर तिच्यातून काय उभे राहते, याचे उदाहरण शोधावयास कोल्हापूरकराला गाव सोडावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यातील मुलाने शिकण्यासाठी या शहरात यावयाचे तर राहावयाचे कोठे आणि खावयाचे काय? माधुकरी मागणे, वार लावून जेवणे, ही गरीब विद्यार्थ्यांची सोय होती खरी, परंतु ती सर्व जातींच्या मुलांना खुली नव्हती. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलाला कोण वार देणार? ज्याला ओसरीवर चढू देत नसत त्याची तर गोष्टच नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे करविले, त्याच साली जैन वसतिगृह झाले, १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांचे, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पाठोपाठ एकेका समाजाची वसतिगृहे निघाली आणि महाराजांनी त्यांना जागा व मदत दिली. आपण या गोष्टीचा औदार्य म्हणून गौरव करतो, तो योग्यच आहे. परंतु तिच्यात हिशेबही होता. पन्नास मुलांनी पन्नास चुली मांडल्या तर पन्नास भांडी, पन्नास दिवे, पन्नास भारे सरपण. एकच चूल मांडली की त्याच पैशांत तीच मुले पोटभर जेवतात आणि वर पुस्तके निघतात.

हाच हिशेब पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात आणखी पुढे नेला. कर्मवीर आपल्याच जिल्ह्यातील कुंभोजचे, जन्म १८८७ चा, आणि शिकावयास ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिलेले. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढून त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. तेथे वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत, स्वयंपाकपाणी आणि श्रमाची कामे स्वतः करीत. तरीसुद्धा धान्य संपावयाचे ते संपेच. अशा वेळी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने एकामागून एक दिले, आणि एके प्रसंगी गळ्यातील मंगळसूत्रही मुलांच्या धान्यासाठी दिले. १९३० साली त्या वारल्या. लक्ष्मीबाईंनी दिले ते समजून उमजून, स्वतःच्या हाताने, मुले शिकावीत म्हणून. देणाऱ्याने दिलेले आणि न विचारता पानातून काढून घेतलेले यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एवढेच मला या ठिकाणी म्हणावयाचे आहे.

कारण न विचारता काढून घेण्याचा प्रकार स्वयंपाकघरातच थांबत नाही. कपड्यांना आणि पुस्तकांना लागणाऱ्या किड्याला आपण कसर म्हणतो. काटकसरीलाही कधी कधी ही कसर लागते, आणि ती प्रथम मुलीची पुस्तके खाते.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. गणितात तिला तोड नव्हती. व्यापारातील नफा-तोट्याची उदाहरणे ती फळ्यावरून डोळे न हलविता तोंडी सोडवी. सातवी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली आणि शाळेत येईनाशी झाली. पुढील वर्ग दुसऱ्या गावी, एस. टी.ने जावयाचे. मी घरी गेलो. वडील सज्जन माणूस. त्यांनी मला चहा दिला आणि हिशेब दाखविला. “मास्तर, मुलगा दहावीला, त्याचा पास, शिकवणी. दोन पास परवडत नाहीत. एक कमी करायचा, तर कुणाचा करू?” बेरीज-वजाबाकी अगदी बिनचूक होती. मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. त्यानंतर मी आणखी दोनदा गेलो. सहा वर्षांनी तिच्या लग्नाचे आमंत्रण आले. एकवीस वाजंत्रीवाल्यांचा बँड होता, दोन पक्वान्ने होती, गावजेवण होते. शिक्षकाची खोड जात नाही, मी पानावर बसल्या बसल्या हिशेब केला. त्या बँडच्या एका रात्रीच्या बिदागीत तिचा तीन वर्षांचा पास निघाला असता. जिलेबी उत्तम झाली होती.

मुलींना शाळेसाठी एस. टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना नंतर आली. अलीकडे ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना रीतसर प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास, आणि इतर मागास या वर्गांतील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांच्या मुलींना हा लाभ आहे. दाखले वेळेवर काढावेत, शेवटच्या दिवशी तहसील कचेरीपुढे रांगेत उभे राहू नये. परंतु फी माफ झाली तरी खानावळ माफ झालेली नाही. गावाहून आलेल्या मुलीला येथे राहावे लागते आणि दोन वेळा जेवावे लागते. आणि घरी वडील तोच जुना हिशेब मांडून बसलेले असतात.

म्हणून मी एक दुसरा हिशेब मांडतो. समजा, लग्नात पाचशे पाने आहेत आणि एका पानाला तीनशे रुपये पडतात. त्यांतील शंभर पाने कमी केली तर तीस हजार रुपये वाचले. समजा, मुलीची खानावळ दरमहा तीन हजार. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे. तीस हजार. चौथीच्या मुलालाही हे उदाहरण तोंडी सुटेल. शंभर पानांत एका मुलीचे एक वर्ष.

“शंभर माणसे कोणती गाळू? लोक काय म्हणतील?” असे आपण विचाराल. तो प्रयोग आपण सर्वांनी करून पाहिलेला आहे. २२ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात करोनाच्या निर्बंधांमुळे लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा होती, व ती मोडणाऱ्यास पन्नास हजार रुपये दंड होता. त्या काळात आपल्या ज्ञातीतही लग्ने झाली. मी त्यांतील चार लग्नांना पंचविसांत होतो. हार झाले, अक्षता पडल्या, नव्या सुनेने नाव घेतले आणि दोन तासांत मंडळी घरी गेली. ती चारही जोडपी सुखाने नांदत आहेत. दोघांची मुले आता बालवाडीत जातात. ज्यांना आमंत्रण नव्हते त्यांतील एकही मनुष्य रुसल्याचे मला आढळले नाही. उलट आहेराचे पैसे वाचले म्हणून पुष्कळजण मनातून संतुष्टच होते. ज्यांना याहून जुना दाखला हवा असेल त्यांनी १८७३ साल पाहावे. महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापिला त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई यांचा विवाह त्या पद्धतीने, अगदी अल्प खर्चात लागला. दीडशे वर्षे होऊन गेली. आपण मात्र दोन तासांच्या लग्नाचा अनुभव जमेस धरून पुन्हा तीन दिवसांच्या लग्नाकडे वळलो आहोत, आणि त्याच्या आधी छायाचित्रे काढण्यासाठी वधूवरांना समुद्रकाठी पाठवीत आहोत. रंकाळ्याचा काठ काही वाईट नाही. तेथे जावयास भाडेही कमी पडते.

आपल्या मंडळाकडे पंगतीची मोठी भांडी आहेत, सतरंज्या आहेत. त्या काढून भाड्याच्या आणणारी घरे मला ठाऊक आहेत. कारण काय, तर मंडळाच्या पातेल्यांवर मंडळाचे नाव कोरलेले आहे आणि ते पाहुण्यांना दिसते. पातेले पाहुण्यांकडे पाठ करून ठेवावे, इतकाच यावर उपाय आहे.

व्याख्यान संपविण्यापूर्वी एक निवेदन करण्यास अध्यक्षांनी अनुमती दिली आहे. सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेविलेली आहे. यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी आपण किती पाने कमी करणार आणि ती रक्कम मुलींच्या खानावळीसाठी देणार, ते तिच्यात लिहावे. पाच पाने लिहिली तरी चालतील. नाव लिहावयाचे नसेल तर नुसता आकडा लिहावा. दुसऱ्या बाजूला गावाहून शिकावयास येऊ इच्छिणाऱ्या मुलींची नावे लिहिण्यास जागा सोडली आहे. ती बाजू मुलींनी किंवा त्यांच्या आयांनी स्वतः भरावी, वडिलांनी भरलीच पाहिजे असे नाही. वही जुन्या वह्यांतील कोरी पाने शिवून मीच तयार केली आहे, त्यामुळे रेघा सारख्या नाहीत. पेन दोऱ्याने टेबलाला बांधलेले आहे. गेल्या वर्षीचे पेन आपल्यापैकी कोणीतरी काटकसर म्हणून घरी नेले.